कडेचा रंग

वैभववाडीत ऊन उशिरा उतरतं. पूर्वेला सह्याद्रीची रांग आडवी असल्यामुळे गगनबावड्याच्या माथ्यावर लख्ख उजाडलं तरी करूळ घाटाच्या पायथ्याची आमची अंगणं सावलीतच असतात. पाऊस सरून दसरा जवळ आला की या सावलीची मी वाट पाहतो. उजेड भरपूर, पत्रा थंड, वारा पडलेला. गाडीच्या रंगावर पॉलिशचं मशीन फिरवायचं तर याहून बरी वेळ नाही. उन्हात तापलेल्या बॉनेटवर कंपाउंड टाकलं, की ते काम करण्याआधीच वाळतं. मग वाळलेलं कंपाउंड रगडत बसायचं, आणि जुने ओरखडे घालवायला निघालेला माणूस नवे पाडून ठेवतो.

मशीन हातात घेण्याआधीचं काम मोठं असतं. चार महिने गाडी तांबड्या चिखलातून हिंडलेली. जांभ्याची ही माती बोटांत मऊ लागते, पण तिच्यात लोहाचे कठीण कण असतात. चाकावरच्या कमानीत, दरवाज्याच्या खालच्या घडीत, नंबरप्लेटच्या मागे ती दडून राहते. तिचा एक कण पॅडखाली आला तरी सगळ्या बॉनेटभर रेघा उमटतात. म्हणून आधी पाण्याचा फवारा, मग दोन बादल्या: एकीत साबण, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. टपापासून खाली येत धुवायचं. गाडी कोरडी झाली की पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून पत्र्यावर बोटं फिरवावीत. डोळ्यांना न दिसणारी खरखर बोटांना लगेच कळते: कुठे फणसाचा चीक, कुठे डांबराचा शिंतोडा. चिकणमातीसारख्या क्लेचा गोळा फिरवून ती काढली की पत्रा बोटाखालून सुळकन सरकतो.

एवढी तयारी कशाला, असं वाटेल. पण ज्या थराला आपण हात घालणार तो किती पातळ आहे, हे एकदा कळलं की माणूस आपोआप हळू होतो. कारखान्यात पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट चढतो. सगळे मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही बारीक. चमक त्याची, आणि खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणंही त्याचंच काम. पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी लावणं, असं पुष्कळांना वाटतं. लावतात ते वॅक्स. पॉलिश काढतं. ओरखडा बुजत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणला जातो, इतकंच. जे एकदा निघालं ते परत येत नाही.

आमच्या बाजारात रंगकामात आयुष्य घालवलेले एक मिस्त्री आहेत. चतुर्थीला मुंबईहून गावी येणाऱ्या प्रीमियर पद्मिनी त्यांनी पुष्कळ घासल्या. त्या गाड्यांवर वरचा पारदर्शक थर नसे. रंग तोच आणि चमकही त्याचीच. घासलं की फडक्याला रंग लागायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनीची टॅक्सी कायमची गेली, आणि ती सवय मात्र जुन्या हातांत राहिली. क्लिअर कोट असलेल्या आजच्या गाडीवर पॅडला रंग दिसला तर त्याचा अर्थ एकच: क्लिअर कोट तिथे संपला. मिस्त्री नव्या पोराच्या हातात मशीन देताना एवढंच बजावतात, ‘कडेक जाव नको रे. थंयसर रंग पातळ आसता.’

हे वाक्य मला कुठल्याही माहितीपुस्तकापेक्षा मोलाचं वाटतं. ओला रंग धारदार कडेवर टिकत नाही, वाळण्याआधी तिथून मागे सरतो. तव्यावरचं घावन कडेला विरत जातं तसा. बॉनेटची धार, दरवाज्याची किनार, पत्र्याला दिलेली उभी रेघ या जागी थर सगळ्यात कमी आणि नेमका दाब सगळ्यात जास्त. तिथे मास्किंग टेप लावावी, रबरावर आणि काळ्या प्लॅस्टिकवरही लावावी, आणि काम संपेपर्यंत काढू नये.

मशीन दोन जातींचं. रोटरीची तबकडी एकाच अक्षावर गरगर फिरते. झपाट्याने कापते, पण एका जागी क्षणभर रेंगाळली तर रंग जळतो. आणि हात नीट बसलेला नसेल तर उन्हात होलोग्रामसारखे पट्टे दिसतात. दुसरं ड्युअल अ‍ॅक्शन. त्याची तबकडी स्वतःभोवती फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे उष्णता पसरते. जास्त दाबलं तर ती फिरायची थांबते. घरी शिकणाऱ्याने हेच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. तबकडीच्या काठावर मार्करने एक रेघ ओढून ठेवायची. रेघ फिरताना दिसली तर काम चालू, न फिरता नुसती थरथरली तर दाब कमी करायचा.

पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. मशीन आधी पत्र्याला टेकवायचं, मगच चालू करायचं. उचलण्याआधी बंद करायचं. नाहीतर कंपाउंड थेट डोळ्यांत जातं, म्हणून चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच. दोन फूट लांब-रुंद चौकोन, हात सावकाश, आधी आडवं मग उभं. सुरुवात नेहमी मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने, तीही एका कोपऱ्यात करून पाहायची. तेवढ्याने भागलं तर कडक कंपाउंडचा डबा उघडूच नये. अधूनमधून उपडा हात पत्र्यावर ठेवावा. चटका लागला तर थांबावं. बंपरवर फार जपून, कारण प्लॅस्टिक उष्णता पांगवत नाही.

वायरचंही सांगायलाच हवं. इथली जमीन ऑक्टोबरातही ओल धरून असते. नुकतीच गाडी धुतलेली, पायाखाली पाणी, त्यात उघड्या जोडाची एक्स्टेंशन, हे दृश्य पाहिलं की जीव घाबरतो. अर्थिंग नीट असलेली तीन पिनांची जोडणी, वर गळती होताच वीज तोडणारं ईएलसीबी, पायात कोरडी रबरी चप्पल आणि वायर खांद्यावरून पाठीमागे. म्हणजे ती पॅडमध्ये गुंतत नाही आणि रंगावरही घासत नाही. खांद्यावरचा पंचा, घड्याळ, अंगठी, पट्ट्याचं बक्कल घरात ठेवावं.

घाटातल्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक फसगत असते. वळणावर घासलेला दरवाजा लांबी भरून पुन्हा रंगवलेला असतो. जाडी मोजणारं यंत्र तिथे 300 मायक्रॉन दाखवतं आणि माणूस निर्धास्त होतो. पण ती जाडी लांबीची. वरचा क्लिअर कोट कारखान्यातल्यासारखा भट्टीत भाजलेला नसतो, म्हणून बरेचदा मऊही असतो. अशा दरवाज्याला बॉनेटचा नियम लावू नये. आणि सगळेच ओरखडे काढून देतो म्हणणारा कुणी भेटला की मला त्या गाडीची काळजी वाटते.

माझ्या गाडीच्या डाव्या दरवाज्यावर नापण्याकडच्या अरुंद रस्त्यातल्या करवंदीच्या जाळीने ओढलेली एक लांब रेघ आहे. तिच्यावरून नख आडवं नेलं की अडकतं. नख अडकणारा ओरखडा पॉलिशने घालवायचा तर बहुतेक सगळा क्लिअर कोट खर्ची पडेल. मी तिच्या कडांची धार तेवढी बोथट केली आहे. उजेड तिरका पडला की ती दिसते, आणि यंदाही तिथे मशीन न्यायचं नाही असं ठरवलं आहे.