कॅमेरा पोचला, पंप नाही

काही फोटो पाठ सोडत नाहीत. मास कॉमला असताना लेक्चरमध्ये पाहिलेला ओमायरा सांचेझचा फोटो त्यातलाच. १३ वर्षांची मुलगी, हनुवटीपर्यंत गढूळ पाणी आणि थेट आपल्याकडे बघणारे काळेभोर डोळे.

१३ नोव्हेंबर १९८५. कोलंबियात नेवादो देल रुईझ ज्वालामुखीचा उद्रेक झाला. माथ्यावरचा बर्फ वितळला, चिखलाचा लोंढा सुटला आणि साधारण अडीच तासांनी आर्मेरो शहर त्याखाली गाडलं गेलं. २० हजारांहून जास्त माणसं गेली. घराच्या ढिगाऱ्यात अडकलेली ओमायरा जवळजवळ तीन दिवस तग धरून होती. पाणी उपसायला वेळेत पंप मिळाला नाही. कॅमेरे मात्र पोचले.

फ्रांक फुर्निए या फ्रेंच फोटोग्राफरच्या त्या फोटोला वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. लोक खवळले. मुलगी मरतेय आणि हा क्लिक कसलं करतोय? त्याचं म्हणणं असं, की तिला वाचवणं त्याच्या हातात नव्हतं. तिचं धैर्य जगाला दाखवणं होतं.

मला हे पटतं, पण अर्धंच. कारण आदल्याच महिन्यात शास्त्रज्ञांनी केलेल्या नकाशात आर्मेरो धोक्याच्या पट्ट्यात होतं. उद्रेकानंतरही लोकांना उंचावर हलवायला वेळ होता. फ्रेममध्ये हे कुठून दिसणार? म्हणून आपण नुसतेच हळहळतो; चिडायचं राहूनच जातं. मी एडिटर असते तर तो फोटो छापला असता, पण शेजारी तो नकाशाही.

आणि दुःख दाखवायला प्रेताचा चेहरा लागतोच असं कुठंय? डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीनंतर अर्को दत्ताने कडलूरला काढलेला फोटो आठवा. वाळूत कोसळलेली बाई, आभाळाकडे उघडे तळवे. गेलेल्या नातेवाइकाचा फक्त हात दिसतो. तरी काळीज हलतं. यालाही तोच पुरस्कार मिळाला.

आता तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. जुलै २०२४ मध्ये वायनाडला दरडी कोसळल्या, तेव्हा माझा फोन दिवसभर तसल्याच फोटोंनी भरत होता. पहिल्या फोटोला घशात आवंढा येतो, दहाव्याला अंगठा आपोआप पुढे सरकतो. मला भीती वाटते ती त्या अंगठ्याची.

म्हणून फॉरवर्ड करण्याआधी दोनच प्रश्न. हा चेहरा माझ्या घरातला असता तर चाललं असतं? आणि फोटोसोबत पंप का नव्हता, याची बातमी आहे? एकाचं जरी उत्तर ‘नाही’ आलं, तरी तो फोटो माझ्यापाशीच थांबतो.