वहिनीच्या जागी कोण?

आमच्या सातारा जिल्ह्याला फौजेचं कौतुक शिकवावं लागत नाही. एका गावाची ओळखच ‘अपशिंगे मिलिटरी’. पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावाचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. आजही जवानाचं पार्थिव येतं तेव्हा पंचक्रोशी लोटते, शाळा सुटतात, दुकानं बंद होतात. हे असंच व्हायला हवं. पण जो जिवंत परत येतो आणि मग पुढची वीस-तीस वर्षं खाटेवर असतो, त्याच्या घराकडे ही गर्दी वळत नाही. त्या घरात एक बाई असते. मला तिच्याविषयी लिहायचं आहे.

फौजेतल्या माझ्या चुलतभावाची, दादाची, गाडी सिक्कीमच्या घाटात दरीत गेली. मणका मोडला आणि कमरेखालची जाणीव गेली. चकमक नव्हती, म्हणून कागदावर ती ‘फिजिकल कॅज्युअल्टी’. लढाईतल्या जखमेची पेन्शन वेगळी, याची वेगळी. सत्कारही नाही, शाल-श्रीफळही नाही. हा फरक दादाला फार लागला आणि अजून लागतो. वहिनीला त्याचा विचार करायला सवडच मिळाली नाही.

कारण तिचं घड्याळ दोन-दोन तासांचं आहे. ज्याला कमरेखाली कळत नाही, त्याला एका अंगावर फार वेळ ठेवता येत नाही. हाडाजवळची कातडी दबते, लाल होते, फुटते आणि एकदा जखम झाली की महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून दिवसा-रात्री कूस बदलायची. टाचा, माकडहाड, खुब्याची बाजू बॅटरीच्या उजेडात बघायची. लघवीची नळी स्वच्छ ठेवायची, पिशवीतलं पाणी गढूळ दिसलं की ताप चढायच्या आत डॉक्टर गाठायचा. खाटेवरून व्हीलचेअरवर आणि चेअरवरून परत खाटेवर. दादा मूळचा धिप्पाड. वहिनी चाळिशीची, अंगानं किडकिडीत. त्याची पाठ आजवर एकदाही फुटलेली नाही. तिची पाठ मात्र गेलेली आहे. सकाळी मोरीत वाकताना ती भिंतीला हात लावून थांबते, आणि कुणी बघितलं तर पदर खोचल्यासारखं करते.

आता कुणी म्हणेल, सरकार देतं की. देतं, आणि ते मी नाकारत नाही. शंभर टक्के अपंगत्व असलेल्या माजी सैनिकाला सोबतीच्या माणसासाठी भत्ता आहे. सातव्या वेतन आयोगानं तो महिना ६,७५० रुपये केला. २००३ पासून माजी सैनिकांच्या उपचारांसाठी ईसीएचएसची योजना आहे आणि तिच्यात बायकोचंही नाव लागतं. म्हणजे वहिनीजवळ स्वतःचं कार्ड आहे. तिच्या पाठीचा एक्स-रे, औषध, फिजिओथेरपी, सगळ्यावर तिचा हक्क आहे. ते कार्ड इतकी वर्षं कपाटात कोरं पडून होतं. पॉलिक्लिनिकला जायचं तर सकाळची एसटी धरावी लागते, रांगेत नंबर लागेपर्यंत दुपार होते, परत यायला संध्याकाळ. तेवढ्या वेळात दादाची कूस कोण बदलणार? भत्त्याच्या पैशात दिवसभर राहणारं माणूस खेड्यात मिळत नाही. आणि मिळालं तरी नळी, पिशवी, उघडं अंग परक्याच्या हाती द्यायला दादा तयार नसतो. त्याची लाजही खरीच आहे.

लढाईतून मणक्याला गोळी घेऊन आलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक जिंकलं, त्यांची गोष्ट आता घराघरांत पोचली आहे आणि ती पोचायलाच हवी होती. पुण्याला खडकीत पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ पासूनचं. तिथे असे जवान एकत्र राहतात, व्हीलचेअरवर खेळतात, कुणी तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. तिथल्या सेवेला पाळ्या असतात, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एकाचे हात थकले की दुसऱ्याचे लागतात. घरी ही पाळी बदलत नाही. दादा रागाच्या भरात म्हणतो, “मला खडकीला नेऊन टाक.” वहिनी दिवसभर बोलत नाही. त्याला वाटतं आपण तिची सुटका करतोय, तिला वाटतं आपली सेवा कमी पडली. लेक दहावीला आहे. आईच्या मोबाइलचा गजर झाला की आधी तीच जागी होते.

या घरात फरक पडला तो गावातल्या एका काकांमुळे. आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले. पारावर कुणीतरी विषय काढला आणि ते आपणहून आले. त्यांनी वहिनीला पहिल्यांदा दाखवलं ते चादरीचं तंत्र. दादाच्या पाठीखाली आडवी दुहेरी चादर घालायची, तिची कड दोन्ही मुठींत अंगाजवळ धरायची, एक गुडघा खाटेवर टेकवायचा आणि उचलायचं नाही, ओढून वळवायचं. “उचलू नको पोरी, वळव,” एवढंच ते म्हणत राहिले. इतकी वर्षं ती त्याला उचलत होती आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून घरी सोडताना फाइल मिळाली होती, गोळ्या मिळाल्या होत्या, पण तिच्या कमरेची चौकशी कुणाच्या कामात बसत नव्हती.

आता काका गुरुवारी सकाळी येतात ते दिवस कलेपर्यंत थांबतात. त्यांच्यापुढे दादाला लाज वाटत नाही; फौजी माणूस फौजी माणसाचं अंग पुसतोय, त्यात काय लाजायचं? दोघं पोस्टिंगच्या गप्पा मारतात, जुन्या सुभेदारांच्या नकला करतात. दादा हसतो हे शेजारच्यांनाही ऐकू जातं.

असे काका आमच्या जिल्ह्यात गावोगाव असतील. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्यांत फिरतात, माजी सैनिकांच्या संघटना आहेत, आशाताई प्रत्येक गावात आहे. खाटेवरच्या जवानाचं घर कोणतं आणि त्या पंचक्रोशीत निवृत्त नर्सिंग असिस्टंट कोण, या दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवायला फार मोठी योजना लागणार नाही. आठवड्याचा एक दिवस भरला, त्या माणसाला येण्याजाण्याचं भाडं आणि थोडं मानधन दिलं, तर त्या कोऱ्या कार्डांना अर्थ येईल. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी आपण देतो. त्यातला थोडा वाटा या गुरुवारांसाठी राखून ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

वहिनीचा एक्स-रे झाला. मणक्यात झीज निघाली, पट्टा आणि व्यायाम सांगितलेत. पुढच्या गुरुवारी ती धाकट्या बहिणीच्या घरी जाऊन येणार आहे, मुक्कामाला नाही, जेवायला.