बरणीतला पट्टेवाला

जेऊर, 2 जुलै
पाऊस उघडला आणि दिव्याभोवती किडे जमले. त्यांच्या मागावर आलेला भिंतीवरचा कोळी नातीने ग्लासाखाली धरला, खालून जुनी लग्नपत्रिका सरकवली आणि लोणच्याच्या रिकाम्या बरणीत सोडला. "आजोबा, हा आपण पाळायचा." तिच्या आजीचा जीव वरखाली. म्हणे, कोळी अंगावर मुतला की फोड येतात! पावसाळ्यातले असले फोड पुष्कळदा दिव्यावर येणाऱ्या पेडेरस नावाच्या बारीक भुंग्याचे असतात. तो अंगावर चिरडला की कातडी पोळते. नागीण तर विषाणूची. बदनामी मात्र कोळ्याची. हिला काही पटलं नाही. बरणी स्वयंपाकघरात आणायची नाही, एवढ्यावर तह झाला.

3 जुलै
कोळी ओळखायचा तर आधी डोळे बघावेत. भिंग लावलं. समोर एका ओळीत चार डोळे, त्यातले मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे. उरलेले चार डोक्याच्या वर, कडेला. म्हणजे साल्टिसिडी कुळातला, उड्या मारणारा. हा शिकारीसाठी जाळं लावत नाही, दबा धरून झडप घालतो. अंग काळं, मधोमध पांढरा पट्टा, पोटाच्या मागच्या बाजूला दोन पांढरे ठिपके. प्लेक्सिपस पायकुलीचा नर. मादी तपकिरी असते. नातीने नाव ठेवलं 'पट्टेवाला'. आमच्या कचेरीतला इतका चपळ कधीच नव्हता.

5 जुलै
जेवणाची सोय गावानेच केली. उजनीच्या पाण्यावर इकडे केळी उदंड. काळं पडलेलं एक केळं वाटीत ठेवलं, चिलटं आली. बरणीत सोडताच पट्टेवाला गर्रकन वळला, पोट टेकून पुढे सरकला, थांबला. उडीआधी तो बुडाशी रेशमाचा धागा चिकटवतो. नेम चुकला तरी लोंबकळत राहतो. पाय झटक्यात ताठ होतात ते स्नायूंनी नव्हे, अंगातला द्रव पायांत रेटून. चिलट गेलं.

9 जुलै
झाकणाखाली पांढरी पिशवी विणून आत बसलाय, खात नाही. नातीला वाटलं, कात टाकणार. पण तोंडाजवळचे दोन आखूड अवयव टोकाला फुगलेले आहेत, म्हणजे नर वयात आलेला. तो आता कात टाकत नाही. पोट भरलंय, झोपलाय, इतकंच.

11 जुलै
शेजारच्या कॉलेजातल्या पोराला केसाळ टॅरंटुला पाळायचाय, तोही झाडाच्या ढोलीतून काढून. नको म्हणून सांगितलं. ढोलीत राहणारी पोएसिलोथेरिया ही प्रजाती भारत आणि श्रीलंकेतच सापडते. 2019 पासून ती वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. मादी वयात यायलाच वर्षं लागतात, चार ढोल्या रिकाम्या केल्या की तिथला वंश संपला. हौसच असेल तर भिंतीवरचे बघ म्हटलं. 2021 साली ठाणे-कल्याण परिसरातल्या अशाच एका उड्या मारणाऱ्या नव्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, आयसियस तुकारामी.

14 जुलै
वयात आलेला नर मादीच्या शोधात हिंडतो आणि फार जगत नाही. त्याला कोंडून ठेवणं बरं नव्हे. सकाळी त्याच भिंतीवर सोडला. नात रुसली. तिला कबूल केलंय, पुढच्या खेपेला पिल्लू मिळालं तर वाढवू. झाकणाला चिलटापेक्षा बारीक भोकं, ओल्या कापसाचा बोळा, बरणी उन्हात नाही. आणि कीटकनाशक मारलेल्या घरातली माशी त्याला घालायची नाही.