नाही म्हणणाऱ्याचं काय होतं?

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाक्य फार चटकन तोंडी येतं: देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध बोलू नये. पाळकसाहेबांच्या रागाविषयी, हिशेबाविषयी कुणी दबक्या आवाजात काही विचारलं, की मंडळीचा कारभार पाहणारे एखादे वडील ते उच्चारतात आणि विषय तिथेच मिटतो. या वाक्याला आधार म्हणून शमुवेलाच्या पुस्तकातली गोष्ट सांगतात. शौल राजा गुहेत आयता सापडला असतानाही दावीदाने त्याच्यावर हात उगारला नाही, हे खरंच आहे. पण तोच दावीद गुहेबाहेर येऊन, शौलाच्या झग्याचा कापलेला काठ दाखवत, त्याचा अन्याय त्याच्या तोंडावर सांगतो. पुढे दावीद स्वतः राजा होऊन पाप करतो, तेव्हा नाथान संदेष्टा त्याला जाब विचारायला येतो. मारणं वेगळं आणि विचारणं वेगळं, हे त्या गोष्टीत स्पष्ट आहे. आम्ही मात्र अर्धीच गोष्ट लक्षात ठेवली.

प्रश्न न सोसणाऱ्या माणसाच्या हाती मंडळी गेली की काय होतं, हे अमेरिकेत सिएटलच्या मार्स हिल चर्चमध्ये दिसलं. मार्क ड्रिस्कॉल यांनी 1996 मध्ये दोन सहकाऱ्यांसह ते सुरू केलं. धर्माकडे पाठ फिरवलेल्या तरुणांच्या त्या शहरात दर रविवारी हजारो लोक जमू लागले. पुढे पाच राज्यांत मिळून पंधरा ठिकाणी उपासना होऊ लागल्या. 2007 मध्ये चर्चची नियमावली बदलून सत्ता मोजक्या हातांत आणायचं ठरलं. दोन वडिलांनी हरकत घेतली. दोघांनाही काढून टाकलं, आणि त्यांतल्या एकाशी सभासदांनी संबंध ठेवू नयेत असंही सांगण्यात आलं. आपल्या बसमागे प्रेतांचा ढीग पडला आहे आणि तो आणखी वाढेल, अशा अर्थाचं ड्रिस्कॉल त्याच सुमारास बोलले. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकता येतं.

माणसं तरीही का राहिली? कारण तिथे खरोखर काही घडत होतं. बाप्तिस्मे होत होते, भरकटलेली पोरं देवाकडे वळत होती. हे ढोंग नव्हतं, आणि मला सगळ्यात दुःखाचं वाटतं ते हेच. फळ दिसतंय म्हणजे झाडाला कीड नाही, असं सगळ्यांनी धरून चाललं.

2014 मध्ये एकवीस माजी वडिलांनी ड्रिस्कॉल यांच्यावर लेखी आरोप केले. चौकशी करणाऱ्या मंडळाला उद्धटपणा, शीघ्रकोप, कठोर भाषा, दडपशाहीने काम करून घेणं हे दोष आढळले. पण अनैतिक किंवा बेकायदा वर्तनाचा आरोप त्यांच्यावर नाही आणि ते सेवेसाठी अपात्र ठरत नाहीत, असा निर्वाळाही त्याच मंडळाने दिला. हा निर्वाळा माझ्या मनातून जात नाही. तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात मंडळीचा अध्यक्ष कसा नसावा हे पौल सांगतो, तेव्हा आधी मनमानी आणि रागीटपणा येतात. दारू, मारहाण आणि पैशाचा लोभ त्यांच्यानंतर. म्हणजे शास्त्राने ज्याला आरंभीच दोष म्हटलं, त्याला मंडळाने निव्वळ स्वभाव मानलं. ड्रिस्कॉल यांनी त्या ऑक्टोबरात राजीनामा दिला, मार्स हिल विसर्जित झालं, आणि 2016 मध्ये त्यांनी ॲरिझोनात नवं चर्च उभं केलं.

मात्र असा माणूस नेहमी चढ्या आवाजातच बोलतो असं नाही. ज्याँ व्हानिए यांचं लेखन मला फार जवळचं होतं. 1964 मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात त्यांनी मतिमंद म्हणून संस्थेत टाकलेल्या दोन माणसांना आणून त्यांच्यासोबत घर मांडलं. त्यातून लार्श हा जगभरचा परिवार उभा राहिला. बंगळुरूचं आशानिकेतन त्यातलंच. व्हानिए 2019 मध्ये वारले. लार्शनेच नेमलेल्या अभ्यासगटाचा अहवाल 2023 मध्ये आला. आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी किमान पंचवीस स्त्रियांशी गैर संबंध ठेवले होते. आवाज मृदू, राहणी साधी. त्यांना नाही म्हणायचं तर एखाद्या बाईला जणू प्रार्थनेलाच नाही म्हणावं लागत होतं.

मद्रासला जन्मलेले प्रवचनकार रवी झकरायस यांच्याविषयी एका दांपत्याने तक्रार केली, तेव्हा 2017 मध्ये त्यांनी उलट त्या दोघांवरच खटला भरला आणि तडजोडीत त्यांचं तोंड बंद केलं. त्यांच्या लैंगिक गैरवर्तनाचा अहवाल आला फेब्रुवारी 2021 मध्ये, मृत्यूनंतर नऊ महिन्यांनी.

मानसशास्त्रात अशा वृत्तीला आत्ममोह म्हणतात. निदान करणं माझं काम नाही, आणि तुटपुंज्या पगारावर खेड्यापाड्यांत एकट्याने राबणाऱ्या पाळकांकडे मला संशयाने पाहायचं नाही. पण पाळक निवडताना समिती पदवी विचारते, उपदेश ऐकते, आवाज कसा आहे ते पाहते. मागच्या मंडळीत याला कुणी नाही म्हटलं होतं का, आणि त्या माणसाचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. आवेश, नम्रता, अश्रू या सगळ्यांना मी भुलेन. या एका उत्तराला भुलणं कठीण आहे.

नाही म्हणणारी एक बाई आमच्याच इतिहासात आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. परक्या देशात पदरी लहानगी मनोरमा, आणि आसरा तिथल्या धर्मभगिनींचा. तरीही जेराल्डीन या भगिनीला त्यांनी लिहून कळवलं, की आपल्याकडच्या पुरोहितांचं जू मी मोठ्या कष्टाने उतरवलं आहे, आता धर्मगुरूंचं तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. ख्रिस्ताला त्यांनी सोडलं नाही, आणि स्वतःचा विचारही सोडला नाही. तो पत्रव्यवहार जेराल्डीन यांनीच जपून ठेवला. 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो ग्रंथरूपाने काढला. त्यात रमाबाईंना गर्वाबद्दल आणि हट्टीपणाबद्दल बोल लावलेले आहेत. मंडळीच्या सभेत उठून प्रश्न विचारणाऱ्या बाईला आमच्याकडे आजही हेच बोल ऐकावे लागतात.