१२ महिने, ३६ महिने

ह्यूस्टनमध्ये एमएस करताना दोन वर्षं मी जिच्यासोबत फ्लॅट शेअर केला, ती नर्तकी होती. चीनच्या ईशान्येकडच्या शेनयांगची. तिचं नाव इथे लिहीत नाही. व्हिसावर राहिलेल्या माणसाचं नाव परस्पर कुठे छापू नये, एवढं शहाणपण आम्हा दोघींना तिथे आलं.

२०२१च्या ऑगस्टमध्ये आम्ही एकाच आठवड्यात तिथे राहायला आलो. माझ्या बॅगेत कुकर आणि गोडा मसाला होता, तिच्या बॅगेत पांढऱ्या रेशमी बाह्यांचे तीन जोड. चिनी ऑपेरातून आलेल्या या बाह्यांना ते लोक 'पाण्याच्या बाह्या' म्हणतात. हातापेक्षा कितीतरी लांब कापड मनगटाच्या झटक्याने हवेत फेकायचं आणि दुसऱ्या झटक्याने परत गोळा करायचं. बघताना सोपं वाटतं. मी एकदा करून बघितलं, तर टेबलावरचा चहाचा कप गेला. धुतलेल्या बाह्या शॉवरच्या दांडीवर वाळत असायच्या आणि दात घासायला मी त्यांच्यातून वाट काढत जायचे.

ती ११व्या वर्षी नृत्यशाळेच्या वसतिगृहात गेली होती. तिची शैली म्हणजे चिनी अभिजात नृत्य. नावावरून हजारो वर्षांची परंपरा वाटते. पण आज शिकवतात तो साचा १९५४मध्ये बीजिंगला नृत्यशाळा निघाली तेव्हापासून हळूहळू बसवला गेला. ऑपेरातल्या हालचाली, मार्शल आर्ट्स आणि रशियन बॅलेची शिकवण्याची पद्धत, असं ते मिश्रण आहे. त्यातला एक नियम तिने मला पहिल्याच महिन्यात सांगितला. डावीकडे जायचं असेल तर आधी उजवीकडे जा. वर उठायचं असेल तर आधी खाली जा. "तू सरळ फ्रीजकडे जातेस, म्हणून लाकडासारखी दिसतेस," असं ती मला म्हणायची.

ती तिथे नृत्य शिकायला आलीच नव्हती. मास्टर्स करत होती कलाव्यवस्थापनात. बजेट कसं करायचं, देणगीदारांना पत्र कसं लिहायचं, नाट्यगृहाचा करार कसा वाचायचा, हे विषय. नाचायला तिला नवी माणसं, नवे प्रेक्षक हवे होते. तिथे राहायला व्हिसा लागतो, व्हिसाला प्रवेश लागतो आणि प्रवेश टिकवायला मार्क लागतात. माझ्यासाठी शिक्षण म्हणजे नोकरीकडे जाणारा रस्ता. तिच्यासाठी ते नाचाच्या खोलीचं भाडं होतं.

ते भाडं ती इमानदारीत भरायची. पहाटे साडेपाचला पार्किंगमध्ये सराव, कारण त्यानंतर ह्यूस्टनचा दमट उकाडा माणसाला उभं राहू देत नाही. मग लेक्चर, मग लायब्ररीच्या काउंटरवर नोकरी. रात्री जेवणाच्या टेबलावर इंग्रजी निबंध, एक पाय शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर ताणून ठेवलेला.

एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. बाहेर पैसे घेऊन काम करायला वेगळी परवानगी लागते, आणि पहिल्या वर्षात ती सहसा मिळत नाही. नियम आम्हा दोघींना एकच होता. पण मी सहा महिने कोड लिहिला नाही, तर माझी बोटं काही विसरत नाहीत. तिला प्रेक्षकांसमोर उभं राहणं चुकवून चालत नव्हतं. म्हणून ती फुकट नाचायची. बेलेअर बुलेवारवरच्या चायनाटाउनमधले हॉल, शाळांची संमेलनं, एका मॉलमधली उघडी जागा. पाकीट पुढे आलं की ती दोन्ही हातांनी नम्रपणे परत करायची. आयोजकांना तो संकोच वाटायचा. तो इमिग्रेशनचा नियम होता.

माँट्रोज भागातून जाताना तिने मला एक रिकामी इमारत दाखवली होती. तिथे चीनचं वाणिज्य दूतावास होतं. जुलै २०२०मध्ये अमेरिकेच्या सरकारने ते बंद करायला लावलं. "इथे ली त्सुनशिनला कोंडून ठेवलं होतं," ती म्हणाली. मला हे नाव माहीत नव्हतं. घरी येऊन वाचत बसले.

शानदोंग प्रांतातल्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा. ११व्या वर्षी निवड होऊन बीजिंगच्या नृत्यशाळेत गेला. १९७९मध्ये, ज्या वर्षी अमेरिका आणि चीन यांचे राजनैतिक संबंध सुरू झाले त्याच वर्षी, तो उन्हाळी प्रशिक्षणासाठी ह्यूस्टन बॅलेत आला. १९८१मध्ये त्याने परत जायला नकार दिला, तेव्हा त्याला दूतावासात २१ तास अडकवून ठेवलं. सुटला, पण पुढची कित्येक वर्षं त्याला मायदेशी जाता आलं नाही. त्याच्या आत्मचरित्रावरचा 'माओज लास्ट डान्सर' हा सिनेमा २००९मध्ये आला.

मला मात्र त्याची नंतरची गोष्ट जास्त लागली. १९९५मध्ये तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथे नाचता नाचता वित्तविषयाचा अभ्यास करू लागला. पस्तिशी उलटलेली, घर चालवायचं, आणि शरीर किती दिवस साथ देईल ते सांगता येत नाही. शेवटची दोन वर्षं तो पहाटे उठून सराव करायचा, दुपारपर्यंत शेअर दलालाचं काम करायचा आणि मग बॅलेच्या तालमीला जायचा. १९९९मध्ये नाच थांबवला, तेव्हा दुसरी नोकरी हातात होती. "बघ," माझी फ्लॅटमेट म्हणाली, "त्याच्याही टेबलावर हिशोबाची पुस्तकं होती."

मी स्वतः सांगलीला आठ वर्षं कथक शिकले. दहावी आली तसा क्लास बंद झाला. त्यावर घरात भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. दहावीला क्लास बंद होतो, जसा जूनमध्ये पाऊस येतो. आता शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिलेल्या मुलांना दहावीत वाढीव गुण मिळतात. म्हणजे घुंगरू सोडायची वेळ येते तेव्हा टक्केवारीत थोडी भर तरी पडते. आपल्याकडे याला छंद म्हणतात, आणि छंद या शब्दातच तो कधीतरी थांबेल हे गृहीत असतं. तिच्या भाषेत तिच्या नाचाला छंद म्हणणारं कोणी नव्हतं. ११व्या वर्षी घर सोडलेल्या मुलीला असं कोण म्हणेल?

चीनमध्ये उतरणाऱ्यांना तेव्हा हॉटेलच्या खोलीत विलगीकरणात राहावं लागायचं, सुरुवातीला किमान दोन आठवडे. तिकिटं परवडत नव्हती. विलगीकरण आणि प्रवास मिळून सुट्टीतलं काहीच उरत नव्हतं. त्यामुळे ती घरी गेली नाही. २०२२च्या डिसेंबरमध्ये तिची आजी गेली. आईवडील कामावर असायचे, तेव्हा तिला पहिल्यांदा नाचाच्या क्लासला नेऊन सोडणारी ती आजी. ८ जानेवारी २०२३ला चीनने विलगीकरण उठवलं. तीन आठवड्यांचा फरक.

२२ जानेवारीला चांद्र नववर्ष होतं आणि तिचा कार्यक्रम ठरलेला होता. मी गेले होते. प्लास्टिकच्या खुर्च्या, डंपलिंगचा वास, मधेच रडणारी पोरं. ती सहा मिनिटं नाचली. मला नृत्यातलं जे कळतं त्यावरून सांगते, एकही झटका चुकला नाही. घरी येऊन तिने बाह्या धुतल्या आणि सोमवारी द्यायचं बजेटचं असाइनमेंट उघडलं. मी खिचडी केली. दोघींनी टेबलाशी बसून, फारसं न बोलता खाल्ली.

मे महिन्यात दोघींना डिग्री मिळाली. डिग्रीनंतर काम करायला एफ-१वाल्यांना १२ महिने मिळतात. विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित यांतली डिग्री असेल तर आणखी २४. माझे झाले ३६, तिचे १२. त्यातही ९० दिवसांहून जास्त काळ बेकार राहिलं, तर व्हिसा धोक्यात.

तिने एका छोट्या कलासंस्थेत नोकरी धरली आणि शनिवार-रविवारी नाचू लागली, आता पैसे घेऊन. पुढचा मार्ग होता ओ-१, असामान्य कलाकारांचा व्हिसा. त्यासाठी पुरावे लागतात. मोठ्या प्रयोगांतल्या प्रमुख भूमिका, वर्तमानपत्रांतली परीक्षणं, जाणकारांची पत्रं. तिने एक जाड फाईल केली होती. तिच्यात बहुतेक पानं हॉलमधल्या कार्यक्रमांच्या रंगीत पत्रकांची. तिथे समीक्षक येत नाहीत. ज्या दोन वर्षांत तिला पैसे घेऊन नाचायला मनाई होती, त्याच दोन वर्षांत ती मोठी कलाकार झाली होती का, असं तो अर्ज विचारत होता. वकिलाने फी सांगितली. तिने फाईल बंद केली.

२०२४च्या मेमध्ये ती परत गेली. त्याच वसंतात एच-१बीच्या लॉटरीत माझंही नाव लागलं नव्हतं. पण माझ्याकडे दोन वर्षं शिल्लक होती. पुढच्या वर्षी लागलं. मी तिच्याहून जास्त मेहनत केली, असं मला कोणी पटवून देऊ शकणार नाही.

आता ती एका कॉलेजच्या नृत्यविभागात शिकवते. त्या नोकरीला मास्टर्सची अट होती, ती अमेरिकेतल्या डिग्रीने भागली. विद्यार्थी विचारतात, तिकडे काय शिकलात? ती म्हणते, बजेट करायला. मुलं हसतात. मग ती त्यांना खरंच बजेट करायला शिकवते.

परवा फोनवर मी विचारलं, अजून किती वर्षं नाचशील? २९ पूर्ण झाली तिला. "गुडघा सांगेल तितकी," ती म्हणाली, आणि माझी मुदत विचारली. मी तारीख, महिना, वर्ष, सगळं एका दमात सांगितलं.