एका मिलिमीटरची खेप

सात मीटर रुंदीच्या रस्त्यावर डांबरी थराची जाडी एक मिलिमीटरने वाढली, तर किलोमीटरमागे सात घनमीटर माल जास्त लागतो. आमच्याकडच्या काळ्या दगडाच्या मिश्रणात सात घनमीटर म्हणजे सतरा टन, दहाचाकी हायवाची जवळजवळ एक अख्खी खेप. डांबरीकरणाची अंदाजपत्रकं करण्यातच माझं आयुष्य गेलं आणि या कामाला नव्याने लागणाऱ्या पोराला मी सर्वांत आधी हाच हिशेब मांडायला लावतो. एवढासा फरक रस्त्यावर कुणाच्या नजरेला येत नाही. वजनकाट्यावर मात्र त्याची वेगळी पावती फाटते.

कागदावरचं गणित शाळेतलंच आहे. लांबी एक किलोमीटर, रुंदी सात मीटर, वरचा थर चाळीस मिलिमीटर : एकूण २८० घनमीटर. गोची पुढे होते. सरकारी दरसूचीत हे काम घनमीटरने मोजलं जातं आणि प्लांटवर माल टनाने तयार होतो. घनमीटरचे टन करायचे तर घनता लागते, आणि ती बरेच जण जुन्या अंदाजपत्रकातून तशीच उचलतात. घनमीटरला २.३ टन धरले तर ६४४ टन होतात. पण आमची खडी बेसॉल्टची. ग्रॅनाइटचं विशिष्ट गुरुत्व २.६५ च्या आसपास, तर चांगल्या बेसॉल्टचं २.८ ते २.९. त्यामुळे नीट दाबलेला आमच्याकडचा थर सहज २.४५ च्या पुढे जातो. २.४६ धरले तर त्याच रस्त्याला ६८९ टन लागतात. पंचेचाळीस टनांचा फरक, तोही फक्त दगडाची जात न पाहिल्यामुळे. म्हणून ज्या खाणीची खडी येणार आहे, तिच्या जॉब मिक्सचा प्रयोगशाळेतला अहवाल समोर आल्याशिवाय मी टनांचा रकाना भरत नाही.

मग डांबर. वरच्या थराच्या मिश्रणात वजनाच्या सव्वापाच-साडेपाच टक्के डांबर असतं. ५.४ टक्के धरले तर ६८९ टनांत ते साधारण ३७ टन होतं. हिशेबापुरता टनाला पन्नास हजार भाव धरू, म्हणजे साडेअठरा लाख. उरलेली साडेसहाशे टन खडी आणि कच टनाला आठशे रुपयांनी धरली, तरी सव्वापाच लाखांच्या आत बसते. वजनात विसावा हिस्सा असलेली वस्तू पैशात खडीच्या साडेतीनपट. तिचा भावही स्थिर नाही. तेल कंपन्या तो दर पंधरवड्याला बदलतात. टेंडर भरल्यापासून थर पडेपर्यंत मधे पावसाळा गेला, तर हाच आकडा कुठल्या कुठे जातो. टेंडरमध्ये भाववाढीचं कलम आहे की नाही, हे मी पहिल्या वाचनातच शोधतो, कारण ते नसेल तर जोखीम दरातच धरावी लागते.

इथपर्यंतचं काम टेबलावर बसून होतं. खरं अंदाजपत्रक रस्ता चालल्यावर सुरू होतं, आणि तो चालायचा पायीच. गाडीतून खड्डे दिसतात, पण खोलवा दिसत नाही. मी बरोबर तीन मीटरची सरळ पट्टी आणि मापं कोरलेली पाचर ठेवतो. पट्टी रस्त्यावर आडवी टाकायची, तिच्याखाली दिसणाऱ्या फटीत पाचर सरकवायची आणि जिथे ती अडकेल तिथला आकडा वहीत घ्यायचा. साखर कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे करून बघावं. कारखान्याकडे जाणाऱ्या बाजूला चाकांच्या दोन पन्हळी पडलेल्या असतात आणि पाचर खोल जाते. परतीच्या बाजूला ती सुरुवातीलाच अडते. उसाने भरलेल्या ट्रॉल्या एका बाजूने जातात, रिकाम्या दुसऱ्या बाजूने येतात. हंगामागून हंगाम गेले की तो भार रस्त्याच्या छेदात उतरतो. एकच रस्ता, पण त्याच्या दोन बाजूंना लागणारा माल वेगळा.

या पन्हळी आधी भरून घ्याव्या लागतात. लेव्हल लावून दर वीस मीटरवर छेद घेतले आणि सरासरी आठ मिलिमीटर भर निघाली, तर वर सांगितलेल्या हिशेबाने किलोमीटरला आठ खेपा झाल्या. अंदाजपत्रकात या भरावाची वेगळी बाब नसेल, तर तो माल वरच्या चाळीस मिलिमीटरमधूनच जातो. पेव्हर वरून सपाट अंथरत जातो, खालच्या खोलव्यात माल जास्त बसतो आणि उंचवट्यावर थर तीस-बत्तीसवर येतो. काम झाल्यावर रस्ता आरशासारखा दिसतो, पण पहिली भेग पडते ती त्याच उंचवट्यावर.

चालताना आणखी काय काय दिसतं! गावाच्या वेशीपासून घरांचे उंबरे रस्त्याला टेकलेले असतात. दर डांबरीकरणाला रस्ता थोडा थोडा वर आला आणि आता पावसाचं पाणी थेट पडवीत शिरतं. तिथे नवीन थर टाकण्याआधी जुना खरवडावा लागतो, म्हणजे खरवडण्याचं मशीन, निघालेला माल उचलण्याचा खर्च आणि तो टाकायची जागा. वळणावर रुंदी वाढते, फाट्यावर तोंड पसरतं, एसटीच्या थांब्याजवळ डांबर बाहेर सरकलेलं असतं. उलट काही ठिकाणी कडा खाऊन रस्ता साडेसहा मीटरच उरलेला असतो. आणि साइडपट्ट्या! रस्ता चार सेंटिमीटर वर आला की दोन्ही कडांना तेवढी पायरी पडते. दीड-दीड मीटरच्या पट्ट्यांना किलोमीटरमागे १२० घनमीटर दाबलेला मुरूम लागतो. सुटा आणायचा तर चौथा हिस्सा वाढवूनच धरावा. ही बाब गाळली तर समोरून ट्रक आल्यावर दुचाकीवाला खाली उतरताना त्या पायरीवर घसरतो. अंदाजपत्रकातल्या गाळलेल्या एका ओळीने माणसाचं हाड मोडतं, हे मी नव्या पोरांना स्पष्ट सांगतो.

डांबराच्या कामात वेळेलाही किंमत आहे. व्हीजी-३० डांबराचं मिश्रण प्लांटवर दीडशे अंशांच्या वर तयार होतं, अंथरताना ते किमान १४० आणि शेवटचा रोलर फिरताना किमान ९० अंश असावं लागतं. म्हणून प्लांटपासूनचा लीड, म्हणजे माल वाहून नेण्याचं अंतर, हा निव्वळ डिझेलचा हिशेब नव्हे. प्लांट तासाला शंभर टन देत असेल आणि भरण्या-उतरवण्यासह एक फेरी अडीच तासांची असेल, तर पंधरा गाड्या लागतात. दहा लावल्या तर पेव्हर थांबतो. जिथे थांबतो तिथे थंड सांधा पडतो आणि पुढच्या पावसात पाणी तिथूनच आत जातं. पावसाळा संपता संपता ढिगातली कच ओली असते आणि ती सुकवायला प्लांट जास्त इंधन खातो. ताडपत्रीपासून टॅक कोटच्या इमल्शनपर्यंत सगळ्याची नोंद वहीत हवी. टॅक कोट चौरस मीटरला पाव किलो, म्हणजे किलोमीटरला पावणेदोन टन. रकमेत ही बाब लहान, पण दोन थर एकजीव राहतात ते हिच्यामुळे.

एवढं सगळं मांडल्यावर जो आकडा येतो, त्याच्या खाली किती टक्क्यांनी भरायचं यावर टेंडरच्या आदल्या रात्री खल सुरू होतो. पंधरा टक्के बिलो, वीस टक्के बिलो. अशा वेळी मी एकच कागद पुढे करतो : वीस टक्के नेमके कुठून येणार ते लिहून द्या. खडीचा भाव उतरत नाही, डिझेल उतरत नाही, रॉयल्टी भरावीच लागते. उरतं ते डांबर आणि जाडी. अर्धा टक्का डांबर कमी केलं तर किलोमीटरला साडेतीन टन, म्हणजे पावणेदोन लाख वाचतात. पण त्या थरातली खडी दुसऱ्याच पावसाळ्यात सुटून कडेला गोळा होते. दोष दायित्वाचा काळ चालू असेल तर खड्डे भरायला तोच ठेकेदार पुन्हा पदरचे पैसे घालतो. तो काळ संपलेला असेल तर लोक सोसतात. ज्याला हे पटतं तो थोडं वर भरतो, आणि काम गेलं तरी जाऊ देतो. अशी माणसं आमच्या धंद्यात आहेत, आणि त्यांच्यासाठी काम करण्यात मला समाधान आहे.

पण हा भार त्यांच्या एकट्यावर टाकून भागणार नाही. रस्त्याचं अंदाजपत्रक गुप्त कागद नाही. माहितीच्या अधिकारात ते कुणालाही मागता येतं. लांबी, रुंदी, जाडी आणि डांबराची टक्केवारी यांचा गुणाकार सातवीतल्या मुलाला येतो. गावाने तो करावा. खोलवे भरायची बाब धरली आहे का, साइडपट्टीचा मुरूम धरला आहे का, घनता कुठल्या खाणीच्या खडीवरून घेतली, हे काम सुरू व्हायच्या आत विचारावं, कारण तेव्हा आकडा दुरुस्त करता येतो. असे प्रश्न आले की कार्यालयातल्या अभियंत्याला आणि ठेकेदाराकडे बसलेल्या माझ्यासारख्याला खरा आकडा लिहायचं बळ येतं. तो आकडा जरा मोठा असतो, पण रस्ता त्याच पैशात होतो.