काट्याची साक्ष

डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी कळाव्यात म्हणून मनुष्याने नाना तऱ्हेची साधने निर्माण केली. घड्याळाचा काटा वेळ सांगतो, तराजूचा काटा वजन सांगतो, होकायंत्रातील काटा दिशा दाखवितो. हे काटे अबोल असतात; म्हणूनच की काय, त्यांच्यावर माणसाचा विश्वास फार. बोलणारा मनुष्य खोटे बोलेल, पण काटा कसा खोटे बोलेल, असे आपल्याला वाटते. परंतु काटा ही देखील माणसाच्या हातची वस्तू. ती झिजते, गंजते आणि एखादे वेळी खोटी साक्षही देते. अशा वेळी विश्वास कोणावर ठेवावा, हा प्रश्न जुन्या मोटारी जतन करणाऱ्यांपुढे वारंवार उभा राहतो.

मोटारीच्या इंजिनात पेट्रोल जळते. त्या उष्णतेचा थोडाच भाग चाकांच्या उपयोगी पडतो. बाकीची उष्णता बाहेर घालवावी लागते. त्यासाठी इंजिनाभोवती पाणी खेळवितात आणि ते रेडिएटरमध्ये आणून वाऱ्याने थंड करतात. हे पाणी प्रमाणाबाहेर तापले तर इंजिनाचे लोखंड व ॲल्युमिनियम वाकडे होते आणि हजारो रुपयांचे नुकसान पदरी पडते. म्हणून चालकाला पाण्याची उष्णता कळणे अगत्याचे असते. १९१२ साली अमेरिकेत ‘मोटोमीटर’ नावाच्या साधनाचे पेटंट घेण्यात आले. रेडिएटरच्या टोपणावर बसविलेला तो एक तापमापकच होता. चालक आपल्या जागेवरून काचेतून त्याच्याकडे पाही. पुढे हा काटा चालकासमोरच्या फळीवर आला. काही गाड्यांत ईथरसारख्या चटकन वाफ होणाऱ्या द्रवाची बारीक नळी इंजिनापासून तबकडीपर्यंत नेलेली असे. वाफेचा दाब वाढला की तबकडीमागची वाकडी नळी सरळ होऊ पाही आणि काटा सरके. अशी दाब मापणारी वाकडी नळी फ्रान्समधील यूजेन बूर्दाँ याने १८४९ साली शोधून काढली होती. त्यानंतर विजेवर चालणारे काटे आले आणि नळीची जागा तारेने घेतली.

पुण्यातील एका डॉक्टरांच्या घरी अशीच विजेच्या काट्याची एक जुनी मोटार होती. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात १९५९ ते १९६७ या काळात बनत असलेली ती ‘जग्वार मार्क टू’. डॉक्टरांचे वडीलही डॉक्टरच होते. अपरात्री याच गाडीतून ते दूरदूरच्या रोग्यांकडे जात असत. त्यामुळे घरातल्या वृद्ध आईला ती मोटार निर्जीव वस्तू वाटतच नसे.

एका वर्षी या गाडीच्या लाकडी फळीला नवे रोगण देण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत उष्णतेचा काटा वरच्या टोकाला जाऊ लागला. गाडी घरापासून दोन मैलही गेली नसेल, तोच काटा धोक्याची सूचना देई. एका कारागिराने इंजिन उघडण्याचा सल्ला दिला. खर्चाचा आकडा ऐकून डॉक्टरांनी गाडी मोडीत काढण्याचे मनाशी ठरविले. आई काही बोलली नाही. पण त्या दिवशी ती जेवली नाही. मोडीत काढण्यापूर्वी एकदा जुन्या मिस्त्रींना दाखवू, असे म्हणून डॉक्टर गाडी घेऊन निघाले.

मिस्त्रींनी सगळी हकीगत शांतपणे ऐकली आणि विचारले, “डॉक्टरसाहेब, तापमापीत ताप दिसला म्हणून तुम्ही लगेच रोग्याचं पोट फाडता का?”

“छे! आधी अंगाला हात लावून पाहतो. शंका आली तर दुसरी तापमापी लावतो.”

“मग या बिचारीचंच पोट का फाडायचं?”

इंजिन पुरते गार झाल्यावर मिस्त्रींनी रेडिएटरचे टोपण काढले. गरम रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये. आतले दाबाखालचे पाणी उसळून अंगावर येते. त्यांनी पाण्यात तापमापक सोडला आणि इंजिन सुरू केले. पाऊण तास झाला तरी तापमापक ८० अंशांपुढे गेला नाही. वाफ नाही, वास नाही. आणि समोरचा काटा मात्र वरच्या टोकाला! इंजिन निर्दोष होते. खोटे बोलणारा दुसराच कोणी होता.

आता मिस्त्री आणि त्यांचा शिकाऊ मुलगा यांनी एकेकाची चौकशी आरंभिली. इंजिनावर पितळेची एक लहानशी कुपी बसविलेली असते. ती जसजशी तापते, तसतसा तिच्यातील विजेचा अडथळा कमी होतो, तारेतून अधिक वीज वाहते आणि काटा चढतो. मिस्त्रींनी कुपीवरची तार सोडविली, तेव्हा काटा खाली आला. म्हणजे तार वाटेत कोठे उघडी पडून गाडीच्या पत्र्याला टेकलेली नव्हती. मग त्यांनी कुपीच काढली, भांड्यातल्या पाण्यात तापमापकाशेजारी धरली आणि पाणी तापवू लागले. कुपीचा अडथळा क्रमाक्रमाने कमी होत गेला. कुपीही खरी निघाली.

एवढ्यात मुलगा ओरडला, “उस्ताद, पाण्याला उकळी फुटली, पण तापमापक ९८च दाखवतोय! हाही बिघडला वाटतं!”

मिस्त्री हसले. “घाई करू नकोस, बाळ. १०० अंशांवर पाणी उकळतं ते समुद्रकाठी. आपलं पुणं समुद्रापासून सुमारे ५६० मीटर उंच. इथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९८ वरच उकळतं. महाबळेश्वरला तर ९५च्या आसपासच उकळेल. तापमापक खरंच सांगतोय. आपणच त्याला खोटं ठरवायला निघालो होतो.”

मुलगा वरमला. पण त्या क्षणापासून तो अधिक बारकाईने पाहू लागला. पेट्रोलच्या काट्याकडे त्याची नजर गेली. तो काटा टाकी पाऊण भरल्याचे दाखवीत होता. डॉक्टर म्हणाले, “छे! कालच हिशेब केला. टाकी अर्धीही नसेल.”

“उस्ताद, मग दोन्ही काटे जास्तच सांगतात!” मुलगा म्हणाला.

मिस्त्रींनी त्याची पाठ थोपटली. दोन साक्षीदार एकच खोटी गोष्ट सांगू लागले, तर त्यांना पढविणारा कोणी एक आहे काय, हे पाहावे लागते. या दोन्ही काट्यांना वीज पुरविणारी एक लहानशी डबी तबकडीमागे असते. गाडीची वीज कमीजास्त होत असते. इंजिन चालू असताना ती १२ व्होल्टच्याही वर जाते. ही डबी वीज एकसारखी जोडीत व तोडीत राहते आणि काट्यांना सरासरी १० व्होल्टच पोचविते. मात्र त्यासाठी डबीचा गाडीच्या पत्र्याशी चांगला स्पर्श असावा लागतो. तो तुटला की डबीचे काम थांबते आणि सगळी वीज काट्यांकडे धाव घेते. फळीला रोगण देताना डबीच्या स्क्रूखाली रोगण शिरले होते, आणि जवळच गंजही चढला होता. मिस्त्रींनी पॉलिश कागदाने ती जागा घासून लख्ख केली व स्क्रू आवळला. दोन्ही काटे आपापल्या जागी आले. ज्या दोषापायी मोटार मोडीत जाणार होती, तो नखाएवढा होता.

पुढच्याच आठवड्यात डॉक्टर आईला घेऊन वाईला निघाले. मिस्त्रीही सोबत होते. खंबाटकीचा घाट चढताना काटा हळूहळू वर सरकू लागला.

“लागला पुन्हा खोटं बोलायला!” डॉक्टर वैतागून म्हणाले.

“साहेब, गाडी थांबवा,” मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. “त्या वेळी तो लगेच टोकाला जाऊन बसायचा. आज चढणीबरोबर सावकाश चढतोय. आणि पेट्रोलचा काटा पाहा, तो जागचा हललेला नाही. आज हा खरं सांगतोय.”

गाडी बाजूला उभी केली. बॉनेट उघडताच उष्ण हवेचा झोत तोंडावर आला. पंखा व पाण्याचा पंप फिरविणारा पट्टा सैल पडून घसरत होता. इंजिन गार होईतो सर्वांनी झाडाखाली बसून घेतले. नंतर मिस्त्रींनी पट्टा ताणला. काट्याला खोटे ठरवून गाडी तशीच पुढे दामटली असती, तर इंजिन खरोखरच उघडावे लागले असते. आईंनी शिदोरीतला पहिला लाडू मिस्त्रींच्या हातावर ठेवला. त्या दिवशी गाडी सुखरूप वाईला पोचली.

साक्षीदाराचे म्हणणे न तपासता खरे मानणे हा भोळेपणा होय. आणि तपासून खरा ठरलेल्या साक्षीदाराला, केवळ त्याचे बोलणे गैरसोयीचे आहे म्हणून, खोटा ठरविणे हा हट्टीपणा होय. पहिल्या चुकीने निर्दोष इंजिन मोडीत गेले असते, दुसरीने ते जळून गेले असते. शंका आणि विश्वास ही परस्परांची वैरी नव्हेत. शंकेने पारखून घेतलेला विश्वासच घाटाच्या चढणीवर उपयोगी पडतो.